नव्या गाडीचं वय

पिंपरीहून निगडीकडे जाणाऱ्या जुन्या महामार्गावर पाळी बदलायच्या वेळेला कंपन्यांच्या बस आणि खासगी गाड्या यांची दाटी होते. त्या रांगेत अजूनही अधूनमधून एखादी शेव्हरोले बीट दिसते. मागच्या दाराची मूठ खिडकीच्या चौकटीत लपवलेली असल्यामुळे ही गाडी दोनच दारांची वाटते. पुढचं सोनेरी चिन्ह उन्हाने फिकं पडलेलं असतं. एक हेडलाइट पिवळट आणि दुसरा त्याहून जरा स्वच्छ असला की समजावं, तो कधीतरी बदललेला आहे आणि त्यासाठी कुणीतरी बरीच शोधाशोध केलेली आहे. पाटी एमएच-१४ ची. बनलेली इथून जवळच, तळेगावात. तिच्यासारख्या काही गाड्या २०१७ च्या उत्तरार्धात विकल्या गेल्या, म्हणजे यापुढे आपण या देशात गाड्या विकणार नाही असं विकणाऱ्याने जाहीर करून झाल्यानंतर. हे माहीत असूनही लोक शोरूममध्ये गेले, पैसे भरले, हार घातला, नारळ फोडला आणि गाडी घरी आणली. त्यांनी नेमकं काय विकत घेतलं, हा प्रश्न साधा दिसतो. मला तो साधा वाटत नाही, आणि या औद्योगिक पट्ट्यात तर तो जास्तच गुंतागुंतीचा होतो.

जनरल मोटर्सने १८ मे २०१७ रोजी सांगितलं की वर्षअखेरीस भारतातली शेव्हरोलेची विक्री थांबेल. त्याआधी जेमतेम दोन वर्षं, जुलै २०१५ मध्ये, याच कंपनीने भारतात १०० कोटी डॉलर गुंतवण्याची आणि नवी मॉडेलं आणण्याची घोषणा केली होती. गुजरातमधला हालोलचा कारखाना एप्रिल २०१७ च्या अखेरीस बंद झाला होता. २००८ मध्ये सुरू झालेला तळेगावचा कारखाना मात्र चालू राहणार होता, पण निर्यातीसाठी. एकाच असेंब्ली लाइनवरून उतरणाऱ्या गाडीला मेक्सिकोत भविष्य होतं आणि मावळात नव्हतं, अशी विलक्षण परिस्थिती काही महिन्यांत तयार झाली. देशात विकायला आणलेल्या गाड्या शोरूमच्या आवारात उभ्या होत्या. त्यांच्यावर सूट जाहीर झाली, लहान गाड्यांवर लाखाच्या आसपास आणि मोठ्यांवर त्याच्या काही पट. वॉरंटी पाळू, सर्व्हिस देऊ, सुटे भाग पुरवू, असं कंपनीने सांगितलं होतं. म्हणजे कागदावर ग्राहकाचं काहीच हिरावलं जात नव्हतं. तरीही किंमत एवढी खाली आली, याचा अर्थ कागदावर नसलेलं काहीतरी गेलं होतं आणि ते गेल्याचं बाजाराला बरोबर कळलं होतं.

नव्या गाडीसाठी आपण जी रक्कम मोजतो, तिच्यात दोन गोष्टींचे पैसे असतात. एक, लोखंड, काच, रबर, इंजिन, म्हणजे आजवर झालेलं काम. आणि दुसरी, पुढची दहा-पंधरा वर्षं कुणीतरी या वस्तूची जबाबदारी घेईल हा भरवसा. पहिली गोष्ट डोळ्यांना दिसते, हाताला लागते. दुसरी दिसत नाही, म्हणून ती फुकट मिळते असं आपण धरून चालतो. कंपनी कोसळली किंवा निघून गेली की या दुसऱ्या गोष्टीची किंमत पहिल्यांदाच आकड्यात समोर येते, आणि ती जवळजवळ सवलतीच्या रकमेइतकी असते. विमा उद्योगाने हे फार पूर्वीच ओळखलेलं आहे. गाडीच्या विम्यात आयडीव्ही, म्हणजे विम्यापुरती धरलेली गाडीची किंमत, ठरवण्याचा तक्ता असतो. सहा महिन्यांपर्यंतच्या गाडीला ५ टक्के घसारा, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, असं करत पाच वर्षांपर्यंत ५० टक्के. पाच वर्षांपुढच्या गाडीला तक्ता लागू होत नाही, तिथे विमा कंपनी आणि मालक यांनी आपसांत किंमत ठरवायची. त्याच नियमात, त्याच वाक्यात, आणखी एक प्रकार आहे. उत्पादकाने बनवणं थांबवलेली मॉडेलं. त्यांचीही किंमत तशीच आपसांत ठरवायची. म्हणजे सीटवरचं प्लास्टिक अजून न काढलेली, मीटरवर पन्नास किलोमीटरही न झालेली गाडी आणि पाच पावसाळे खाल्लेली गाडी नियमाने एका ओळीत बसवल्या आहेत. गाडीचं वय ती किती चालली यावर ठरतं असं आपण समजतो. विम्याचा नियम ते वेगळ्या ठिकाणी मोजतो. गाडीच्या मागे अजून कोण उभं आहे, हे तो बघतो. माझ्या मते नियमाचं म्हणणं खरं आहे आणि सूट घेऊन गाडी घेणाऱ्याने पहिला हिशेब त्यावरच करावा. लाखभर रुपये वाचले असं म्हणू नये. आपण मोठ्या वयाची गाडी तिच्या वयाच्या किमतीत घेतली, असं म्हणावं.

पण तेवढ्यावर थांबलं तर निष्कर्ष एवढाच निघतो की अशी गाडी घेऊ नये, आणि तो मला अपुरा वाटतो. कारण गाडीच्या मागे फक्त कंपनी उभी असते हे गृहीतक चुकीचं आहे, आणि ते चुकीचं का आहे हे पिंपरी-चिंचवडइतकं दुसरीकडे क्वचितच दिसेल. १९६२ मध्ये एमआयडीसीची स्थापना झाली, साठच्या दशकात टेल्को आणि बजाज इथे आल्या, आणि त्यांच्याभोवती भोसरी, चिंचवड, पुढे तळवडे, चिखली, चाकण इथे लहान कारखान्यांचं रान उठलं. मोठी कंपनी गाडीचा बराचसा भाग स्वतः बनवत नाही. ती आराखडा देते, तपासते, जोडते आणि आपलं नाव लावते. ब्रॅकेट, बुश, गास्केट, वायरिंग हार्नेस, एक्झॉस्टचा पाइप, सीटची चौकट, दाराचं बिजागर हे सगळं बाहेरून येतं. पत्र्याच्या शेडमध्ये दोन प्रेस आणि एक लेथ लावून जॉबवर्क करणारा माणूस सकाळी एका कंपनीचा भाग काढतो आणि दुपारी तिच्या प्रतिस्पर्ध्याचा. एक कंपनी गेली तर त्याचा धंदा बसतो, कधी मोडतोही, पण त्याच्या हातातलं कसब त्या कंपनीबरोबर विमानात बसून जात नाही. भरवसा कंपनीच्या नावाने विकला जातो खरा. पण तो पुरवण्याची क्षमता या पट्ट्यात विखुरलेली असते, आणि कंपनी उठून गेल्यावरही तिचा मोठा हिस्सा इथेच राहतो.

इंजिनांच्या वंशावळीत हे स्वच्छ दिसतं. फियाट आणि जनरल मोटर्स यांच्या युतीच्या काळात विकसित झालेलं १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल इंजिन २००३ मध्ये युरोपात आलं. भारतात ते फियाटच्या रांजणगावच्या कारखान्यात बनू लागलं आणि मारुतीनेही परवाना घेऊन बनवलं. स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा, पुंतो, लिनिया, किती गाड्यांच्या बॉनेटखाली ते बसलं! बीटचं तीन सिलिंडरचं ९३६ सीसीचं डिझेल इंजिन त्याच कुटुंबातलं, एक सिलिंडर कमी करून केलेलं. २०१९ मध्ये भारतात फियाटच्या नावाने गाडी मिळणं थांबलं, पण ते इंजिन ओळखणारा मेकॅनिक तालुक्यातालुक्यात होता, कारण तो रोज स्विफ्ट उघडत होता. फियाट घेतलेल्या माणसाच्या पाठीशी फियाटपेक्षा मारुतीचे ग्राहक जास्त भक्कमपणे उभे होते, आणि दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता. मॅटिझची गोष्ट तर याहून गुंतागुंतीची. १९९८ मध्ये देवू कंपनीने ती भारतात आणली. २००० च्या नोव्हेंबरमध्ये कोरियातली देवू मोटर दिवाळखोर झाली आणि उत्तर प्रदेशातल्या सूरजपूरचा कारखाना पुढे बंद पडला. २००२ मध्ये जनरल मोटर्सने देवूचा बराचसा भाग घेतला, पण सूरजपूर घेतलं नाही. मग मॅटिझचीच पुढची पिढी २००७ मध्ये शेव्हरोले स्पार्क या नावाने भारतात आली आणि तळेगावचा कारखाना सुरू झाला तो याच गाडीने. एका बुडालेल्या कंपनीची गाडी दुसरीच्या नावाने मावळात बनू लागली आणि दहा वर्षांत ती दुसरीही निघून गेली. ब्रँडच्या आयुष्यापेक्षा आराखड्याचं आयुष्य लांब असतं, हे या गाडीने दोनदा दाखवलं.

सगळ्यात मोठा पुरावा मुंबईचा आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची पद्मिनी कुर्ल्यात बनायची. नव्या शतकाच्या तोंडावर तिचं उत्पादन थांबलं. कारखान्याच्या जमिनीवर इमारती उभ्या राहिल्या. पण काळी-पिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावर ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावली, आणि थांबली तीही सुट्या भागांवाचून नाही, टॅक्सीला घातलेल्या वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे. म्हणजे कंपनीने बनवणं थांबवल्यावरही गाडी दोन दशकं रोजगार देत राहिली. हे जमलं कारण त्या यंत्रात लपवाछपवी नव्हती, ती अनेक दशकं जवळजवळ त्याच रूपात बनत राहिली, आणि मेकॅनिकांच्या दोन पिढ्या तिच्यावरच हात बसवून तयार झाल्या. टॅक्सीवाल्याला कधी सर्व्हिस सेंटरची आठवण यायचं कारण पडलं नाही.

इथे आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. पद्मिनी लाखोंनी विकली गेली, तिचं उदाहरण देऊन एखाद्या कमी खपाच्या गाडीबद्दल धीर देणं बरोबर नाही. याच प्रीमियर कंपनीने २००९ मध्ये रिओ नावाची छोटी एसयूव्ही आणली, ती आपल्या चिंचवडच्या कारखान्यात बनवली. तिचा सांगाडा चीनच्या झोट्येकडून आलेला, त्याचं मूळ जपानच्या दायहात्सूच्या टेरिओसमध्ये, इंजिन आधी प्यूजो घराण्यातलं डिझेल आणि नंतर पुन्हा तेच फियाटचं मल्टिजेट. प्रीमियर २०२१ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, आणि झोट्येलाही दिवाळखोरीतल्या पुनर्रचनेतून जावं लागलं. रिओचं इंजिन आजही कुणीही दुरुस्त करील. पण तिच्या पुढच्या काचेचं काय? बंपरचं? टेललाइटचं? बंद पडलेल्या कंपनीच्या गाडीत इंजिन फारसं नडत नाही, नडतं ते बाहेरचं आवरण. पिस्टन दुसऱ्या गाडीचा जुळवता येतो, काच जुळवता येत नाही, कारण तिचा बाक फक्त त्या एका गाडीसाठी बनलेला असतो. किरकोळ अपघातात दार चेपलं तर डेंटिंगवाला ते काढून देईल. पण हेडलाइट फुटला तर दुसऱ्या मेलेल्या गाडीचा शोध सुरू होतो. मग नाना पेठ, कुर्ल्याचा भंगार बाजार, कुणाच्या तरी ओळखीने कोल्हापूर. आणि हे भाग बनवण्याची डाय किंवा मोल्ड, ज्यावरून तसे हजारो भाग पुन्हा निघू शकतात, ती बऱ्याचदा चाकण-भोसरीतल्याच एखाद्या शेडच्या कोपऱ्यात पडलेली असते. तिच्यावर कंपनीचा मालमत्ता क्रमांक कोरलेला असतो. वेंडरने ती सांभाळायची, तेल लावून ठेवायची, पण कंपनीच्या ऑर्डरवाचून तिच्यावर एकही नग काढायचा नाही. कंपनी गेली की डाय अडचण होते, जागा खाते, आणि शेवटी लोखंडाच्या भावाने जाते. गाडीचं पुढचं आयुष्य असं किलोवर विकलं जातं. मला या सगळ्या व्यवहारातली ही गोष्ट सर्वांत खेदाची वाटते, कारण ती टाळता येण्यासारखी आहे.

म्हणून अशी गाडी घ्यावी की नाही, याचं सरसकट उत्तर देता येत नाही, पण बघायचं कुठे ते सांगता येतं. कंपनी बुडाली की फक्त निघून गेली, हा पहिला फरक. बुडालेल्या कंपनीच्या शब्दाला अर्थ उरत नाही. निघून गेलेल्या कंपनीचं नाव जगात इतरत्र चालू असतं आणि त्या नावाची तिला काही चाड असते. जनरल मोटर्स स्वतः जून २००९ मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीत गेली होती आणि बाहेरही आली होती. भारतातून ती गेली ती इथला धंदा परवडेना म्हणून. दुसरा फरक, गाडीतलं काय-काय इतरांशी सामाईक आहे. आणि तिसरा घेणाऱ्याचा स्वतःचा. तीन-चार वर्षांनी गाडी विकून नवी घ्यायची सवय असलेल्याने या वाटेला जाऊ नये, कारण त्याला मिळालेली सूट पुढचा गिऱ्हाईक व्याजासकट परत घेतो. जो गाडी शेवटपर्यंत वापरणार आहे त्याचंच गणित जुळतं. सवलतीच्या गर्दीत हा विचार होत नाही, असंही कुणी म्हणेल. मार्च २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिलपासून प्रदूषणाच्या जुन्या बीएस-३ मानकाच्या वाहनांच्या विक्री-नोंदणीवर बंदी घातली तेव्हा महिन्याच्या शेवटच्या दोन दिवसांत सवलतीसाठी दुचाकींच्या शोरूमबाहेर झालेली झुंबड अनेकांनी पाहिली आहे. पण त्या झुंबडीला हावरेपणा म्हणून मोकळं होणं मला मान्य नाही. ज्या घरात नवी गाडी ही एरवी आवाक्याबाहेरची गोष्ट आहे, त्या घराला लाखभराची सूट म्हणजे सेकंडहँड आणि नवी यांच्यातली भिंत पडणं असतं. आणि सेकंडहँड गाडीचा मागचा इतिहास कळत नाही, तसा या गाडीचा पुढचा कळत नाही; दोन अज्ञातांपैकी एक निवडणं हे विवेकाचंच काम आहे.

याहून जड आक्षेप नैतिक आहे. ही सूट कुणाच्या तरी नुकसानीतून आलेली असते. तळेगावच्या कारखान्यात शेवटची गाडी २४ डिसेंबर २०२० रोजी बनली. एप्रिल २०२१ मध्ये १,४१९ कामगारांना ले-ऑफच्या नोटिसा मिळाल्या. चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सशी जानेवारी २०२० मध्ये झालेला कारखाना विकण्याचा करार मंजुरीअभावी ३० जून २०२२ ला संपुष्टात आला. ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईशी करार झाला आणि २०२५ मध्ये तिथून ह्युंदाईच्या गाड्या निघू लागल्या. या तारखांच्या मधल्या जागेत माणसं राहत होती. तळेगाव, देहूरोड, वडगाव, चाकण इथले वन-बीएचके कायम नोकरीच्या पगारपत्रकावर घेतलेले, मुलं इंग्रजी शाळेत घातलेली, वय चाळिशीकडे झुकलेलं. चाळिशीच्या कायम कामगाराला या पट्ट्यात नवी कायम नोकरी जवळजवळ मिळत नाही. भरती होते ती ठेक्यावर किंवा शिकाऊ म्हणून, आणि ती विशीतल्या मुलांची होते. तळेगावच्या कामगारांची लढाई पुढे न्यायालयात आणि रस्त्यावर चालत राहिली. मग २०१७ ची ती स्वस्त बीट घेणारा माणूस या दुःखाचा लाभार्थी ठरतो का? मला वाटतं, नाही. गाडी आधीच बनलेली होती, तिच्यातली मजुरी दिली गेली होती. ती न घेतल्याने एकाही कामगाराची पाळी वाढली नसती. उलट आवारातली गाडी अडकून राहिली असती तर भुर्दंड डीलरला आणि त्याच्याकडच्या फिटर, वॉशिंगवाल्या, सेल्समनला बसला असता. तरीही या आक्षेपाचा गाभा मी सोडून देऊ शकत नाही. ग्राहक आणि कामगार, दोघांनाही एकाच कंपनीने पुढच्या वर्षांचा भरवसा दिला होता आणि दोघांकडून तो एकाच निर्णयाने काढून घेतला. ग्राहकाला त्याची भरपाई किमतीतच, आगाऊ, न मागता मिळाली, कारण बाजाराला त्याची गरज होती. कामगाराला ती मागावी लागली, त्यासाठी वर्षं झगडावं लागलं. सूट घेणं गैर नाही. मला गैर वाटतं ते हे की एकाच तुटलेल्या शब्दाची किंमत बाजाराने एका ठिकाणी चोख मोजली आणि दुसऱ्या ठिकाणी ती मोजायला तो तयारच झाला नाही. आणि या परिसरात हे दोघे फार वेगळे लोक नसतात. एकाच सोसायटीच्या पार्किंगमध्ये एकाची गाडी आणि दुसऱ्याची थांबलेली कंपनी-बस यांची गाठ पडत असते.

कायद्याची मदत दोघांनाही तोकडीच आहे. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत कंपनी मोडीत निघाल्यावर कुणाला आधी पैसे द्यायचे त्याची उतरंड आहे. कामगारांच्या चोवीस महिन्यांच्या थकबाकीला तिथे तारण असलेल्या कर्जदात्यांच्या बरोबरीचं स्थान आहे, ही चांगली गोष्ट. पण निघून जाणारी कंपनी दिवाळखोर नसतेच, त्यामुळे ही उतरंड तिला लागत नाही. आणि वॉरंटी बाकी असलेला गाडीमालक या उतरंडीत पार खाली, उरलेल्या देण्यांमध्ये येतो, तिथपर्यंत सहसा काही पोचत नाही. घर घेणाऱ्यांची अशीच दैना झाली तेव्हा २०१८ मध्ये दुरुस्ती करून त्यांना वित्तीय कर्जदात्यांचा दर्जा दिला गेला. गाडी घेणाऱ्यांसाठी तसं काही झालेलं नाही. डीलरांच्या फाडा या संघटनेने शेव्हरोले, हार्ले-डेव्हिडसन आणि सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्ड अशा एकामागोमाग एक निर्गमनांनंतर डीलरांना संरक्षण देणारा कायदा मागितला, तोही मागणीच्याच पायरीवर राहिला.

इथवरच्या माझ्या सगळ्या युक्तिवादाचा आधार एकच आहे, की कंपनी गेली तरी या पट्ट्यातले हात गाडी जगवू शकतात. हा आधार आता खचतो आहे, आणि त्याचं सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेतलं आहे. फिस्कर कंपनीची ओशन ही विजेवर चालणारी गाडी ऑस्ट्रियात ग्राझ इथे मॅग्ना कंपनीने बनवली होती, बांधणीला चांगली होती. मार्च २०२४ मध्ये फिस्करने किमतींत २४,००० डॉलरपर्यंत कपात केली आणि जूनमध्ये दिवाळखोरी जाहीर केली. उरलेल्या सुमारे ३,३०० गाड्या न्यूयॉर्कमधल्या टॅक्सीचालकांना गाड्या भाड्याने देणाऱ्या अमेरिकन लीज कंपनीने घ्यायचं ठरवलं. मग ऑक्टोबरमध्ये प्रश्न उभा राहिला तो चाकांचा किंवा बॅटरीचा नव्हता. गाड्यांची माहिती फिस्करच्या सर्व्हरवरून दुसऱ्या सर्व्हरवर नेता येईल की नाही, हा होता. मालकांनी आपली संघटना काढली आणि जे काम कंपनीचं होतं ते स्वतः अंगावर घेतलं. त्यांच्यात सॉफ्टवेअर जाणणारे लोक होते म्हणून ते काही करू शकले. इथे आकुर्डीत, जिथे एके काळी बजाजच्या स्कूटर बनत, तिथेच आता विजेवरची चेतक बनते. चाकणमधून महिंद्राच्या विजेवरच्या गाड्या निघतात. आणि त्यांच्याभोवती नव्या, लहान, उत्साही कंपन्या उभ्या राहत आहेत. त्यातल्या सगळ्याच टिकणार नाहीत, कुठल्याही नव्या उद्योगात टिकत नाहीत. एखादी बंद पडताना आपल्या गाड्या स्वस्तात काढील तेव्हा भोसरीतला मेकॅनिक मोटर उतरवू शकेल, बेअरिंग बदलू शकेल, बॅटरीचा पॅकही कदाचित उघडील. पण नवा भाग बसवल्यावर गाडीने तो ओळखावा यासाठी कंपनीचं कुलूपबंद सॉफ्टवेअर लागतं, आणि त्याची किल्ली कुठल्याच भंगार बाजारात मिळत नाही. पद्मिनीच्या टॅक्सीवाल्याला जे स्वातंत्र्य होतं ते या मालकाला नाही.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात वाहनं हे एक क्षेत्र होतं, आणि डिसेंबरमध्ये एक पोर्टल सुरू झालं. तिथे कंपन्या स्वेच्छेने माहिती देतात. मला वाटतं, याच्या पुढे जाऊन गाडी विकण्याच्या परवानगीलाच एक अट जोडावी. विक्री थांबवणाऱ्या कंपनीने सुट्या भागांच्या डाय ठराविक काळ लोखंडात घालू नयेत, त्या वेंडरला खुल्या बाजारासाठी वापरू द्याव्यात, आणि सॉफ्टवेअरच्या किल्ल्या आधीपासूनच एखाद्या तटस्थ संस्थेकडे ठेवाव्यात. पुण्यात एआरएआयसारखी वाहनं तपासणारी संस्था आहे, तेव्हा ही कल्पना अगदीच हवेतली नाही. यावर उत्पादकांचं उत्तर तयार असतं. किल्ली बाहेर गेली आणि कुणी ब्रेकच्या प्रणालीत हात घातला, त्यातून अपघात झाला, तर जबाबदार कोण? हा प्रश्न खोटा नाही. कंपनी चालू असेपर्यंत त्याचं उत्तर कंपनी हेच आहे, आणि किल्ली तिच्याकडे राहावी हेही मी मान्य करीन. पण कंपनीच उरली नसेल तेव्हा कुलूप कुणाच्या सुरक्षेसाठी लावून ठेवायचं, आणि त्या गाडीच्या ब्रेकची जबाबदारी मालक, मेकॅनिक आणि किल्ली देणारी संस्था यांच्यात कशी वाटायची, हे अजून कुणी लिहून ठेवलेलं नाही.